बागेतील रेल्वे आणि परतीचा लूप : आधी लांबीचा हिशेब, मग तारा

बागेत लहान प्रमाणातील रेल्वे मांडायला बसलेल्या प्रत्येकाला, रुळांचा पहिला तुकडा जमिनीवर ठेवण्यापूर्वीच, एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे लागते : गाडी बागेच्या टोकाला पोहोचल्यावर ती परत कशी आणायची? सर्वांत सोपे उत्तर म्हणजे रुळांचे एक बंद वर्तुळ, ज्यात परत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण त्या मांडणीत गाडी कुठून कुठेतरी जाते असे वाटत नाही. दुसरे उत्तर म्हणजे टोकाला स्थानक बांधून इंजिन सोडवायचे आणि बाजूच्या रुळावरून नेऊन गाडीच्या दुसऱ्या तोंडाला जोडायचे. हे खऱ्या रेल्वेच्या जवळचे आहे, पण दर फेरीला माणसाचा हात लागतो आणि टेंडरचे (म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा मागे जोडलेले) इंजिन परतीच्या प्रवासात उलटे धावते. तिसरे उत्तर म्हणजे रिव्हर्सिंग लूप. एका सांध्यापाशी मार्गाच्या दोन शाखा होतात, गाडी एका शाखेने आत शिरते, मोठा वळसा घेते आणि दुसऱ्या शाखेने त्याच सांध्यातून बाहेर पडून ज्या रुळावरून आली त्याच रुळावर, पण तोंड फिरवून, परत निघते. इंजिन पुढे, शेवटचा डबा मागे, सारे काही जसेच्या तसे, आणि गाडी क्षणभरही न थांबता. मला स्वतःला ही तिसरी पद्धत मनापासून आवडते, आणि तिच्याविषयी मराठीत तपशिलाने लिहिलेले फारसे वाचायला न मिळाल्यामुळे हा लेख लिहीत आहे.

खऱ्या रेल्वेत असे लूप आहेत, पण ते जिथे जागा मुबलक आहे तिथेच. आपल्याकडे बोरघाटात १८६३ साली रेल्वे चढली तेव्हा कड्यावर वळसा घ्यायला जागाच नव्हती. म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधावे लागले, जिथे गाडी मार्गाच्या टोकाशी थांबून उलट्या दिशेने पुढचा चढ चढू लागे. १९२९ मध्ये नवा मार्ग तयार झाल्यावर ते बंद झाले. याउलट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील रोम्नी, हाईथ अँड डिमचर्च रेल्वे ही केवळ १५ इंच गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर) वाफेवर चालणारी रेल्वे डंजनेसच्या सपाट, खडेमय किनाऱ्यावर पोहोचते आणि तिथे मोठा लूप घेऊन परत फिरते. जर्मनीत हार्झ पर्वतातील मीटरगेज रेल्वेवर श्टीगे नावाचे लहानसे स्थानक आहे. तिथला लूप पूर्व जर्मनीच्या काळात, १९८० च्या दशकात, झिल्बरह्युटेच्या वीजकेंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या गाड्यांसाठी बांधला गेला. आज तिथे कोळसा नाही, पण वाफेचे इंजिन प्रवासी डबे घेऊन त्या लूपवर फिरते तेव्हा स्थानकात उभ्या असलेल्या माणसाला संपूर्ण गाडी एका नजरेत सर्व बाजूंनी दिसते. बागेत लूप बांधणाऱ्याने शक्य असल्यास श्टीगेचा लूप पाहावा, कारण मीटरगेज हेच आमच्या बागेतील गाड्यांचे मूळ आहे.

मी जर्मनीतील नुरेंबर्गजवळ राहते, आणि बागेतील रेल्वेचा आजचा प्रकार याच शहरातून जगभर गेला. येथील लेमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी या नावाने ४५ मिलिमीटर गेजच्या, पाऊस-बर्फ सोसणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. प्रमाण १:२२.५ ठरवले गेले, कारण १००० मिलिमीटरच्या मीटरगेजला २२.५ ने भागले की ४४.४ मिलिमीटर येतात. (आपल्या नेरळ-माथेरान रेल्वेचे गेज ६१० मिलिमीटर आहे, ती याच रुळांवर खऱ्या मापात धावायची असेल तर प्रमाण सुमारे १:१३.६ धरावे लागेल, म्हणजे इंजिने आणि डबे बरेच मोठे होतील. हा उद्योग मला कधीतरी करायचा आहे.) रूळ भरीव पितळी असतात, उंची सुमारे ८.४ मिलिमीटर, आणि त्यांच्यावर चुकून पाय पडला तरी सहसा काही बिघडत नाही.

आता मूळ अडचण. या रेल्वेत दोन रूळ म्हणजे विजेच्या दोन तारा. एका रुळातून प्रवाह येतो, इंजिनाच्या चाकांतून मोटरीत जातो आणि दुसऱ्या रुळातून परततो. सांध्यापाशी उभे राहून डाव्या रुळावर बोट ठेवावे आणि लूपभर ते बोट रुळावरून न उचलता फिरवत न्यावे. वळसा पूर्ण करून बोट सांध्याशी परत येते तेव्हा ते उजव्या रुळाला भिडते. म्हणजे धन आणि ऋण या दोन तारा आपण स्वतःच एकमेकींना जोडल्या, आणि वीज सुरू करताच शॉर्ट सर्किट होणार. तीन सांध्यांच्या त्रिकोणातही नेमके हेच घडते. तो दिसायला वेगळा असला तरी विजेच्या दृष्टीने लूपच आहे. मार्कलिन या जर्मन कंपनीच्या एचओ गाड्यांना, म्हणजे टेबलावरच्या लहान प्रमाणातील गाड्यांना, ही अडचण येत नाही, कारण तिथे दोन्ही रूळ एकच तार असतात आणि दुसरी तार मधल्या खुंट्यांमधून जाते. वाफेवर खरोखर चालणाऱ्या किंवा पोटात बॅटरी घेऊन रेडिओवर चालणाऱ्या इंजिनांनाही ही अडचण नाही, कारण त्यांना रुळातून वीजच लागत नाही. मोठी बाग असलेल्या आणि अजून एकही इंजिन न घेतलेल्या माणसाला मी बॅटरीचाच सल्ला देईन. त्याला या लेखातील फक्त भूमितीचा भाग पुरेसा आहे. पण ज्याच्याकडे रुळातून वीज घेणारी इंजिने आधीच आहेत, त्याने लूपला घाबरण्याचे कारण नाही.

शॉर्ट सर्किटवरचा उपाय सगळीकडे एकच आहे : लूपचा एक भाग दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत खंड, म्हणजे वीज न वाहणारी फट, पाडून, उरलेल्या मार्गापासून विजेच्या दृष्टीने तोडायचा आणि त्याला स्वतंत्रपणे वीज द्यायची. एकूण चार खंड. या तोडलेल्या भागाला मी पुढे विलग भाग म्हणेन. गाडी आत शिरताना विलग भागाची धन-ऋण बाजू आत येण्याच्या शाखेशी जुळलेली हवी, आणि बाहेर पडताना ती बाहेरच्या शाखेशी जुळलेली हवी. या दोन क्षणांच्या मधल्या वेळात, विलग भागात किंवा मुख्य मार्गावर, धन-ऋण बदलले पाहिजे. तारांचे सगळे निरनिराळे आराखडे म्हणजे हा बदल कोण करतो आणि कधी करतो याची वेगवेगळी उत्तरे आहेत.

यातूनच लूपचा सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो, आणि माझ्या मते बहुतेक मार्गदर्शनात त्याला द्यावे तेवढे महत्त्व दिले जात नाही. धातूचे चाक खंडावरून जाताना त्याच्या दोन्ही बाजूंना क्षणभर जोडते. गाडीचे पुढचे चाक बाहेरच्या खंडावर आणि मागचे चाक अजून आतल्या खंडावर असेल, तर विलग भागाची धन-ऋण बाजू कोणतीही ठेवली तरी दोनपैकी एका टोकाला ती चुकीचीच असणार. जगातील कोणतेही उपकरण यावर उपाय देऊ शकत नाही. म्हणून विलग भाग हा तुमच्या सर्वांत लांब गाडीच्या पहिल्या आणि शेवटच्या धातूच्या चाकांमधील अंतरापेक्षा लांब असलाच पाहिजे. प्लॅस्टिकची चाके मोजली नाहीत तरी चालते. पण आज प्लॅस्टिकची असलेली चाके उद्या धातूची होतात, आणि डब्यात दिवे बसवले की त्या डब्याची चाके वीज घेऊ लागतात, तेव्हा पूर्ण गाडीच मोजावी हे उत्तम. शिवाय एलजीबीच्या अनेक इंजिनांना चाकांच्या मधोमध रुळावर घसरणाऱ्या पट्ट्या असतात. खंड ओलांडताना त्याही चाकांसारख्याच दोन्ही बाजू जोडतात, हे विसरू नये.

माझी नेहमीची गाडी म्हणजे एक इंजिन आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरचे पाच बोगीचे (म्हणजे दोन्ही टोकांखाली स्वतंत्रपणे वळणारी चाकांची गाडी असलेले) डबे, एकूण साधारण तीन मीटर. त्यामुळे विलग भाग साडेतीन मीटरपेक्षा कमी ठेवायचा नाही हे आधी ठरले, आणि लूपची त्रिज्या त्यानंतर ठरली. हाच क्रम योग्य आहे. बाजारात मिळणाऱ्या सर्वांत लहान वळणाची, म्हणजे ज्याला आर-१ म्हणतात त्याची, त्रिज्या ६०० मिलिमीटर आहे. मीटरगेजच्या मापात ती १३.५ मीटर होते, जी खऱ्या रेल्वेने क्वचितच स्वीकारली असती. दोन चाकजोड्यांचे आखूड डबे त्यावर फिरतात, पण बोगीचे लांब डबे त्यावर विचित्र दिसतात, आणि गाडी जड असेल तर इंजिनाच्या ओढीने मधले डबे आतल्या बाजूला कलंडू पाहतात. आर-३ ची त्रिज्या ११९५ मिलिमीटर आहे आणि ती मी कमीत कमी मानते. जागा असेल तर याहून मोठी घ्यावी.

लूप किती जागा खातो, हा हिशेब कागदावर केल्याशिवाय फावडे हातात घेऊ नये. सांध्यातून दोन्ही शाखा सारख्याच बाहेरच्या बाजूला वळतात, मग उलट वळून मोठ्या वर्तुळात मिसळतात, आणि सगळीकडे त्रिज्या एकच आहे असे धरले, तर भूमितीने प्रत्येक शाखा बरोबर ६० अंश बाहेर वळते आणि मुख्य वळसा ३०० अंशांचा होतो. अशा लूपची रुंदी त्रिज्येच्या दुप्पट आणि सांध्याच्या टोकापासून मागच्या कडेपर्यंतची खोली त्रिज्येच्या सुमारे २.७३ पट भरते. आर-३ साठी याचा अर्थ रुंदी २.४ मीटर आणि खोली जवळजवळ ३.२७ मीटर. ही मापे रुळांच्या मध्यरेषेची आहेत. डब्यांची बाजू, खडीची कड आणि माणसाला पाय ठेवायला जागा म्हणून सगळीकडून वीस-पंचवीस सेंटिमीटर वाढवावेत. सरळ शाखा असलेला नेहमीचा सांधा वापरला तर आकार थोडा एकांगी होतो आणि लांबी किंचित वाढते, इतकेच.

परंतु ६० अंशांच्या या आकारात एक दोष आहे. एका बाजूचे वळण संपते त्याच बिंदूला विरुद्ध बाजूचे वळण सुरू होते. अशा उलटसुलट वळणावर लागून असलेल्या दोन डब्यांची तोंडे एकमेकांपासून विरुद्ध दिशांना सरकतात, डबे जोडणाऱ्या आकड्यांवर, म्हणजे कपलिंगवर, आडवा ताण येतो आणि हलके डबे रुळांवरून उतरतात. विशेषतः सांध्यातून बाहेर पडता पडता हे घडते तेव्हा कारण लवकर लक्षात येत नाही आणि दोष बिचाऱ्या सांध्याला दिला जातो. दोन विरुद्ध वळणांच्या मध्ये किमान एका डब्याएवढा सरळ तुकडा हवा. त्यासाठी शाखा ६० ऐवजी ४५ अंश वळवावी, त्यानंतर त्रिज्येच्या ०.५८६ पट लांबीचा सरळ तुकडा घालावा, आणि मग २७० अंशांचा वळसा घ्यावा. आकार अचूक मिटतो. आर-३ साठी तो सरळ तुकडा ७० सेंटिमीटरचा येतो, म्हणजे माझ्या डब्यापेक्षा लांब. एकूण खोली होते त्रिज्येच्या २.८३ पट, ३.३८ मीटर. केवळ साडेअकरा सेंटिमीटर जादा जागा देऊन उलट वळणाचा सगळा त्रास टळतो. लूपच्या आकाराविषयी मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती. आर-३ चे तयार तुकडे २२.५ अंशांचे असतात, त्यामुळे ४५ अंशांना दोन आणि २७० अंशांना बारा तुकडे लागतात; सांध्याची स्वतःची वळणारी शाखाही त्यातलाच एक तुकडा होते. मी स्वतः लांब सरळ रूळ आणून ते वाकवण्याच्या हातयंत्राने वळवते, कारण जोड जितके कमी तितकी वीज निर्वेध वाहते. पण सुरुवातीला तयार तुकड्यांनीही उत्तम लूप होतो.

याच सरळ तुकड्यांचा दुसरा उपयोग असा की खंड तिथे पाडता येतात. वळणावर पाडलेला खंड टिकत नाही, कारण वाकवलेला रूळ सरळ होऊ पाहतो आणि जोडाशी कोन करतो. दोन्ही सरळ तुकड्यांच्या मध्यावर खंड ठेवले तर विलग भाग ५.६३ मीटरच्या वळशात दोन अर्धे सरळ तुकडे मिळवून सुमारे ६.३ मीटरचा होतो, म्हणजे माझ्या गाडीच्या दुप्पट. दोन्ही रुळांतील खंड अगदी समोरासमोर हवेत, जेणेकरून एका आसाची दोन्ही चाके ते एकाच वेळी ओलांडतील.

आता तारा. साध्या डीसी विजेवर, म्हणजे ज्यात रुळांची धन-ऋण बाजू बदलली की इंजिनाची दिशा बदलते अशा व्यवस्थेत, विलग भागाला ब्रिज रेक्टिफायरमधून, म्हणजे चार डायोडांच्या (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांच्या) जोडणीतून, वीज देणे ही जुनी आणि विश्वासू पद्धत आहे. मुख्य मार्गाची दिशा कोणतीही असो, रेक्टिफायरच्या पलीकडे धन-ऋण कायम एकच राहते, त्यामुळे गाडी लूपमध्ये नेहमी एकाच दिशेने फिरते. ती पूर्णपणे आत आली की रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरची दिशा बदलायची. लूपमधील गाडीला याची जाणीवही होत नाही आणि ती बाहेर पडते तेव्हा मुख्य मार्ग तिच्या स्वागताला तयार असतो. सांधा स्प्रिंगचा असेल, म्हणजे मागून येणारी चाके त्याची पाती ढकलून जाऊ शकत असतील, तर तो हलवण्याचीही गरज नाही. वाहत्या प्रवाहाच्या वाटेत रेक्टिफायरचे दोन डायोड येतात आणि प्रत्येकी सुमारे ०.७ व्होल्ट घेतात, म्हणून लूपमध्ये गाडी किंचित मंदावते. ते मला आवडते. वळशावर खरी गाडीही वेग कमी करते. तीन अँपिअर प्रवाहाला ही घट चार वॉटांहून अधिक उष्णता निर्माण करते, तेव्हा रेक्टिफायर दहा अँपिअर किंवा त्याहून अधिक क्षमतेचा घ्यावा आणि धातूच्या पट्टीवर घट्ट बसवावा. डबीत कोंडू नये.

कंट्रोलरची दिशा वेळेवर बदलली गेली नाही तर काय, याचीही सोय करून ठेवावी. बाहेर पडण्याच्या शाखेकडे, विलग भागाच्या शेवटी, इंजिनाच्या दुप्पट लांबीचा आणखी एक तुकडा दोन्ही रुळांत तोडावा आणि त्याला मुख्य मार्गाची वीज प्रत्येक रुळात एकेक डायोड घालून द्यावी, डायोडांची तोंडे अशी की मुख्य मार्ग बाहेर पडण्याच्या दिशेला असेल तेव्हाच प्रवाह वाहील. दिशा बदललेली नसेल तर इंजिन त्या तुकड्यात येऊन आपोआप थांबते आणि दिशा बदलताच आपोआप निघते. डायोड एकाच रुळात घालून भागत नाही, कारण इंजिन दोन तुकड्यांच्या सीमेवर असताना दुसऱ्या रुळातून शॉर्ट सर्किट होते. या रचनेत एकही हलणारा भाग नाही, म्हणून पावसात आणि धुळीत ती वर्षानुवर्षे चालते. ज्यांना सगळेच आपोआप हवे असेल त्यांनी इंजिनाच्या पोटाखाली चुंबक आणि रुळांमध्ये रीड स्विच (चुंबक जवळ येताच जुळणारा स्विच) बसवून रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) दिशा बदलावी.

डीसीसीवर, म्हणजे डिजिटल पद्धतीत, प्रश्न एका अर्थाने सोपा होतो. इंजिनाची दिशा त्याच्यातील डीकोडर, म्हणजे रुळांतून आलेल्या आज्ञा वाचणारे छोटे सर्किट, ठरवतो, रुळांच्या धन-ऋणाशी तिचा संबंध नसतो, त्यामुळे विलग भागाची अदलाबदल गाडी चालू असतानाच, तिला कळूही न देता करता येते. त्यासाठी मिळणारी उपकरणे दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारचे उपकरण खंडावर शॉर्ट सर्किट होऊ देते, ते ओळखते आणि काही सहस्रांश सेकंदांत अदलाबदल करते. दुसऱ्या प्रकारात खंडाच्या अलीकडे एक छोटा संवेदी तुकडा असतो. त्यावर चाक आले की खंडापर्यंत पोहोचण्यापूर्वीच अदलाबदल होऊन गेलेली असते. घरातील टेबलावरच्या लहान गाड्यांना पहिला प्रकार पुरतो. बागेत मात्र मी दुसऱ्याचाच आग्रह धरते. येथे वीस-बावीस व्होल्ट आणि पाच-आठ अँपिअरचा व्यवहार असतो, आणि प्रत्येक फेरीला पडणारी ठिणगी चाकांच्या कडांवर व खंडाच्या तोंडावर बारीक खड्डे पाडते, ज्यांत मग काजळी बसते. शिवाय पहिला प्रकार काम करण्यासाठी शॉर्टचा प्रवाह उपकरणाच्या मर्यादेपलीकडे तत्काळ गेला पाहिजे, आणि बागेतल्या लांब, बारीक तारा व काळवंडलेले जोड नेमके त्यालाच अडवतात. मग उपकरण गप्प राहते आणि रुळांना वीज पुरवणारा घरातील बूस्टरच आधी बंद पडतो.

तारेची जाडी हा म्हणून दुय्यम विषय नाही. लूप बहुधा घरापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात असतो. वीस मीटर अंतरावर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली तर जाऊन-येऊन तिचा रोध जवळजवळ ०.४७ ओहम होतो, आणि पाच अँपिअरला २.३ व्होल्ट वाटेतच जातात. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ०.९ व्होल्टच जातात. जाड तार एकदाच पुरायची असते. तिथे काटकसर करू नये.

यानंतर जमीन आणि हवामान, आणि बागेतील लूप घरातील लूपपेक्षा खरा वेगळा ठरतो तो इथे. पितळ एक अंश तापमानाला आपल्या लांबीच्या एक कोट्यंशाच्या १९० पटींनी, म्हणजे एका मीटरमागे ०.०१९ मिलिमीटरने, वाढते. आमच्याकडे हिवाळी रात्री रूळ उणे दहा अंशांपर्यंत थंड होतात आणि जुलैच्या उन्हात पन्नासांपर्यंत तापतात; म्हणजे साठ अंशांचा फरक, आणि दहा मीटरमागे ११.४ मिलिमीटरची हालचाल. पुण्यात किंवा नाशकात थंडी कमी असली तरी एप्रिलच्या दुपारी उघड्यावरचा धातू याहूनही तापतो, त्यामुळे तिथेही फरक पन्नास अंशांच्या आसपासच धरावा. आता करवतीने कापलेला एक मिलिमीटरचा मोकळा खंड विचारात घ्या. सकाळी सगळे सुरळीत चालते, दुपारी रूळ लांबतात, खंड मिटतो आणि कसलेही कारण न दिसता शॉर्ट सर्किट होते. संध्याकाळी ते आपोआप नाहीसे होते. म्हणून खंडात नेहमी प्लॅस्टिकची भिंत असलेला जोड हवा, जो दोन रुळांची तोंडे एकमेकांना भिडूच देत नाही, आणि शक्य असल्यास तो स्क्रूने दोन्ही बाजूंना आवळता येणारा असावा. नुसता खुपसून बसवलेला जोड सर्वांत दुबळा असतो, आणि सगळ्या मार्गाची हालचाल त्याच्यापाशी येऊन साठते.

लूपच्या बाबतीत एक दिलासा असा की वर्तुळ स्वतःच विस्तार सामावून घेते. २७० अंशांच्या ५.६३ मीटर वळशाची लांबी साठ अंशांत सुमारे साडेसहा मिलिमीटर वाढते. रूळ मोकळे असतील तर त्रिज्या दीड मिलिमीटरच्या आत-बाहेर वाढून ती लांबी निमूट पचते. पण त्यासाठी रूळ मोकळेच हवेत. स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) काँक्रीटला स्क्रूने जखडले की हीच वाढ रुळांना कुठेतरी उचलते किंवा फुगवते. मी पंधरा-वीस सेंटिमीटर खोल चर खणून त्यात जाड खडी दाबून भरली, तिच्यावर तण रोखणारे कापड घातले आणि सर्वांत वर दोन ते पाच मिलिमीटरची, धारदार कडांची दगडी चुरी पसरून त्यात रूळ तरंगते ठेवले. गोल गोटे वापरू नयेत. ते एकमेकांत अडकत नाहीत. खाली पाणी साठले नाही तर दंव जमिनीला उचलत नाही, आणि महाराष्ट्रातील पावसाळ्यालाही हेच उत्तर आहे, फक्त तिथे लूप आसपासच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावा. संपूर्ण लूप पाणसळीने एका पातळीत आणावा. वळशाचा विरोध गाडीला पुरेसा असतो. त्यात चढ मिसळला तर इंजिन दमते आणि उतार मिसळला तर मागचे डबे पुढच्यांवर रेटतात.

देखभालीविषयी थोडेच. रूळ खरखरीत ठोकळ्याने घासल्यावर निघणारी पितळेची बारीक पूड खंडात साचते आणि तिथे वाहक पूल तयार करते, म्हणून घासून झाल्यावर चारही खंड कोरड्या ब्रशने झाडावेत. हिवाळ्यानंतर वीज सुरू करण्यापूर्वी मल्टीमीटरचे एक टोक विलग भागाच्या रुळावर आणि दुसरे मुख्य मार्गाच्या रुळावर ठेवून चारही खंड तपासावेत, अर्थात रेक्टिफायरच्या किंवा डिजिटल उपकरणाच्या तारा आधी सोडवून. ओल्या खडीमुळे काही हजार ओहम दिसतील, ते चालते. शून्याजवळचा आकडा चालत नाही.

लूपच्या आत एक बेट तयार होते आणि ते मोकळे ठेवणे मला पटत नाही. पूर्ण लूप एका नजरेत दिसला तर गाडी गोल फिरून आली हे उघड होते. मध्ये लहानसा उंचवटा करून बुटक्या सूचिपर्णी झाडांची रांग लावली की गाडी एका बाजूने झाडांआड जाते आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने येते. मुळे खोल आणि आडवी पसरणारी झाडे मात्र टाळावीत, आणि गाडी मागच्या बाजूला उतरली तर हात पोहोचेल इतकी वाट ठेवावी.

बागेच्या दोन्ही टोकांना लूप करायचे असतील तर आणखी एक निर्णय बाकी राहतो, तो म्हणजे गाडीने प्रत्येक लूपमध्ये कोणत्या शाखेने शिरायचे. दोन्हीकडे ती डावीकडेच फिरत राहिली तर एकाच बाजूच्या चाकांच्या कडा वळणावर घासतात आणि वर्षा-दोन वर्षांत फरक डोळ्यांना दिसू लागतो. खाडीखालच्या चॅनल बोगद्यातून मोटारी नेणाऱ्या शटल गाड्या फोकस्टन आणि कोकेल या दोन्ही टोकांना लूप घेतात, आणि तिथे मार्ग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ठेवला आहे तो याचसाठी, म्हणजे एका टोकाची झीज दुसऱ्या टोकाला भरून निघावी. बागेत यासाठी वेगळा पूल बांधावा लागत नाही. दोन्ही लूपांना जोडणारा मार्ग एकेरी असला की पुरते. पहिल्या लूपचा स्प्रिंगचा सांधा गाडीला उजव्या शाखेत पाठवेल असा बसवावा आणि दुसऱ्याचा डाव्या शाखेत. मग दुसऱ्या लूपच्या रेक्टिफायरच्या पलीकडील दोन तारा पहिल्याच्या तुलनेत उलट जोडाव्या लागतील की नाही, हे मुख्य मार्गावरून बोट फिरवत नेऊन, आत शिरण्याच्या खंडापाशी दोन्ही बाजूंची धन-ऋण जुळते का ते पाहून ठरवावे, आणि मगच खडी पसरावी.